बबनरावांचे नऊ खाने

कवठदरीचे उपसरपंच बबनराव यवतमाळचं प्रशिक्षण आटोपून एस.टी.तून उतरले, तेव्हा त्यांच्या खांद्याला नवी कोरी निळी पिशवी होती आणि चेहऱ्यावर दिवाळसणाला आलेल्या जावयाचा भाव होता. दिवेलागणीची वेळ होती, पण गावात दिवे लागले नव्हते. बिल तुंबलं म्हणून वीजवाल्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन कापली होती आणि लोकांना त्याची आता सवय झाली होती. पारावरून कुणीतरी विचारलं, "कोन हाय बावा?"

"मी हाव, बबन. गावाचं भाग्य घेऊन आलो," बबनराव म्हणाले, आणि त्यांचा पाय नालीत गेला.

बबनरावांना प्रशिक्षणाची भारी हौस. पांढरा कडक सदरा, खिशाला पेन, आणि तालुक्याहून पत्र आलं की हे तयार. गांडूळखत झालं, वनशेती झाली, मधमाश्या झाल्या. गांडुळं कोंबड्यांनी खाल्ली, मधमाश्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावी निघून गेल्या. पिशव्या मात्र राहिल्या. त्यांची बायको तानाबाई त्यात डाळी भरून ठेवी. वनशेतीत तूर, मधमाशीत मूग. निळी पिशवी पाहून तिनं एवढंच विचारलं, "हे कायची?"

"बिझनेस मॉडेलची," बबनराव म्हणाले.

"चण्याची डाळ मावते यात," तानाबाई म्हणाली.

कवठदरी दिग्रसच्या रस्त्यावरचं गाव. एके काळी इथे दोन जिनिंग होत्या, कापसातली सरकी काढायचे कारखाने. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या पार नाल्यापर्यंत उभ्या राहत आणि जिनिंगच्या करावर, बाजाराच्या पावतीवर पंचायत ऐटीत चाले. मग भाव पडले, पावसानं दगा दिला, बोंडांत अळी शिरली आणि एकामागून एक दोन्ही जिनिंग बंद पडल्या. एकीच्या शेडमध्ये बकऱ्या बसू लागल्या, दुसरीच्या मालकानं यंत्रं गुजरातेत विकून टाकली. पंचायतीच्या तिजोरीत उंदीर गेला तर उपाशी परत येईल, अशी दशा झाली. सरकारनं त्यावर उपाय काढला तो असा, की गावांनी आता आपल्या पायावर उभं राहावं. आणि कसं राहायचं ते शिकवायला पुण्याहून नयन सर नावाचा एक तरतरीत मुलगा यवतमाळला पाठवला.

नयन सरांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि म्हणाले, "हा कॅनव्हास." बबनरावांना वाटलं, तंबूचं कापड वाटणार. पण कागदावर नऊ खाने होते. आपलं गिऱ्हाईक कोण, त्याला आपण देतो काय, त्याच्यापर्यंत पोचतो कसे, पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, असं सगळं त्या खान्यांत लिहायचं. "गावाला गाव म्हणू नका, काका," नयन सर म्हणाले, "स्टार्टअप म्हणा." बबनरावांच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मनातलं बोललं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर गेरूनं नऊ खाने ओढले आणि सदस्यांना बोलावलं. सरपंच पंचफुलाबाई समोर येऊन बसल्या. जिनिंग चालू होती तेव्हा त्या तिथे पोती भरायच्या. जागा राखीव झाली तेव्हा त्या निवडून आल्या, आणि गावच्या पुरुषांचा हिशेब असा होता की बाई सह्या करतील, कारभार बबनराव पाहतील. हिशेब एका गोष्टीनं चुकला. पंचफुलाबाई वाचल्याशिवाय सही करत नसत.

"हे पहा सरपंचबाई," बबनराव हातात पट्टी घेऊन म्हणाले, "गाव म्हंजे दुकान. लोकं म्हंजे गिऱ्हाईक. आपुन काय विकतो, कोनाले विकतो, ते या नऊ खान्यांत लिहाचं. लिहिलं का पैसा सुरू."

"नळपट्टी कोन्या खान्यात बसते?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

बबनरावांनी नऊही खाने नजरेखालून घातले. "ते नाही बसत."

"काहून?"

"नळपट्टी मागितली तं गिऱ्हाईक नाराज होते. इथं गिऱ्हाईकाचं समाधान लिहेल हाय."

सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. नळपट्टी त्यांच्यापैकीही कुणी भरली नव्हती. नयन सरांचं शास्त्र त्यांना एकदम पटलं.

पहिला प्रयोग झाला तो जाहिरातीचा. आपल्यापाशी भिंती आहेत, कंपन्यांपाशी पैसा आहे, अशी जोड बबनरावांनी मारली. एका बियाण्याच्या कंपनीचा एजंट तयारही झाला. त्याला हमरस्त्यावरून दिसेल अशी जागा पाहिजे होती आणि तशी एकच होती, स्मशानातली शेड. एजंटानं पत्र्यावर रंगवायचा मजकूर आणला: शंभर टक्के उगवणीची हमी.

पंचफुलाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. "बबनभाऊ, ज्याले तिथं नेऊन ठेवतो, त्याच्या पोराबाळायनं हे वाचावं काय?"

"पत्रा तं नवा भेटते ना, बाई."

"नाही," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि तो खाना बंद झाला.

बबनराव खट्टू झाले. गावाकडे विकण्यासारखं आहे तरी काय, हा भुंगा त्यांच्या डोक्यात फिरू लागला. पैठणला साड्या, नागपूरला संत्री. कवठदरीला काय? आणि एका दुपारी त्याचं उत्तर पांढऱ्या गाडीतून आपण होऊन आलं. गाडीतून चार जण उतरले, गळ्यात ओळखपत्रं, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या एकानं आदबीनं विचारलं, "काका, इथे संकटग्रस्त शेतकरी कुठे भेटतील?"

ते अभ्यासक होते. त्या वर्षांत जिल्ह्यात अशा गाड्या आठवड्याला येत. कापसाचं काय झालं ते पाहायला विद्यापीठवाले येत, संस्थावाले येत, समित्या येत, समित्यांनी काय पाहिलं ते पाहायला दुसऱ्या समित्या येत. चहा पीत, फोटो काढत आणि हळहळून परत जात. आजवर गावानं त्यांना फुकट पाणी पाजलं होतं. बबनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गिऱ्हाईक तर रोज दारात येतंय, आणि आपण त्याला तांब्याभर पाणी देऊन वाटे लावतोय!

पंधरवड्यात नऊही खाने भरले. गिऱ्हाईक: अभ्यास करणारे. आपण देतो: अस्सल परिस्थिती. पंचायतीनं अभ्यासदौरा शुल्क ठरवलं, अर्ध्या दिवसाचं वेगळं, पूर्ण दिवसाचं वेगळं. पंचायतीच्या हॉलमध्ये पंखा आणि गाद्या आल्या. बचत गटाच्या बाया झुणका, भाकर आणि ठेचा करू लागल्या. पंचफुलाबाईंनी एवढ्याचसाठी सही केली, की बायांच्या हाती चार पैसे पडत होते. शेतभेटीसाठी तांड्यावरचा फुलसिंग ठरला. उंच, काळासावळा, खोल गेलेले डोळे, आणि बोलायला मोठा गोड. घरी त्याच्या मोटारसायकल होती, विहिरीला पाणी होतं. पाहुण्यांची गाडी आली की मोटारसायकल गोठ्यात ढकलली जाई.

फुलसिंग लवकरच तयार झाला. "राम राम," करून तो बांधावर उकिडवा बसे, एक ढेकूळ हातात घेई आणि ते हळूच फुटू देई. एकदा बबनरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "बबनभाऊ, हे बंगलोरवाले हायत. यायले कमी सांगू का जास्त?"

"मध्यम सांग," बबनराव म्हणाले.

बिल भरलं गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले त्या संध्याकाळी लहान पोरं खांबाखाली नाचली, आणि बबनराव मुद्दाम गावाला एक फेरी मारून आले. नयन सरांचा फोन आला: "काका, तुमचं मॉडेल भन्नाट आहे!" भन्नाट म्हणजे काय ते बबनरावांना नीटसं कळलं नाही, पण छाती फुगली.

त्या वर्षी मात्र फुलसिंगच्या कापसाची पऱ्हाटी चांगली आली. विहीर होती, वेळेवर पाणी दिलं होतं. बोंडं फुटली आणि वावर पांढरंशुभ्र झालं. नेमकी तेव्हाच एका टीव्हीवाल्यांची तारीख ठरली. बबनराव धावत तांड्यावर गेले.

"फुलसिंग, वेचून घे लेका लवकर. वावर उघडं दिसाले पाह्यजे."

"मजूर तू देतो?" फुलसिंग म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, दहा वर्साने असा कापूस पाह्यला म्या. माही म्हतारी याडी रोज येऊन बांधावर बसते नुसती पाहाले. अन् मी तो लपवू?"

बबनरावांना राग आला. कराराची भाषा त्यांनी काढली. फुलसिंगनं काही वाद घातला नाही. टीव्हीवाले आले त्या सकाळी तो आईला मोटारसायकलवर बसवून उमरखेडला पाहुण्यांकडे निघून गेला.

गाडी पंचायतीसमोर उभी. उर्वशी नावाची बातमीदार मुलगी माईक घेऊन तयार. कॅमेरावाला ऊन चढेल म्हणून घाई करत होता. पैसे आगाऊ घेतले होते. बबनरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि पेन खिशातून काढून ठेवलं. "चला," म्हणाले, "माह्या वावरात चला."

आजवर एकाही गाडीला त्यांनी आपलं वावर दाखवलं नव्हतं. नऊ खान्यांत त्यांचं स्वतःचं नाव चालकांच्या खान्यात होतं, मालाच्या नव्हे. चार एकराच्या त्या तुकड्यात पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहिली होती आणि अर्धी बोंडं न फुटता काळी पडून गेली होती. कॅमेरावाला खूश झाला.

बबनराव फुलसिंगसारखे बांधावर बसले. ढेकूळ घेतलं. ते काही फुटेना. उर्वशीनं विचारलं, "काका, तुमचा कापूस मागच्या वर्षी काय भावानं गेला?"

बबनरावांनी तोंड उघडलं ते फुलसिंगची नक्कल करायला. पाऊस, अळी, भाव, सगळं क्रमानं त्यांना पाठ होतं. पण त्यांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"आमचा कापूस कधी मागं नाही आला, बाई. दिग्रसच्या बाजारात माही बंडी गेली का व्यापारी दुरून म्हणे, बबनराव आले, एक नंबर माल आला. मागच्या साली गेलतो. एक पोऱ्या होता नवीन, मिसरूड नाही फुटलं. त्यानं बंडीत हात घातला, असा मूठभर कापूस काढला, अन् सगळ्यायच्या समोर म्हणे, कवडी हाय हे. कवडी! डागी, किडका, फेकाचा माल. सगळे माह्याकडे पाहू राह्यले. मी हासलो. म्हटलं, हाव ना बावा, कवडीच हाय, लाव काय लावतो ते. अन् घरी येऊन..."

कडक सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले, ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले. कॅमेरावाल्यानं कॅमेरा जवळ आणला. गाडीपाशी उभे असलेले गावचे दोघेतिघे एकमेकांना कोपरानं ढोसू लागले: उपसरपंच फुलसिंगच्या वर निघाला!

ते दोन दिवसांनी टीव्हीवर लागलं, आणि त्यानंतरच्या रविवारी उमरखेडहून ऑटो आला. बबनरावांच्या पोरीचं, निकिताचं, साक्षगंध उमरखेडच्या रामरावांच्या मुलाशी झालं होतं. फाल्गुनात लग्न होतं. ऑटोतून रामराव उतरले, मागून त्यांचा भाऊ, आणि मग गव्हाचं एक पोतं. सोयरीक मोडायला आले असतील, असं तानाबाईला वाटलं. पण मोडायला येणारे गहू कशाला आणतील?

रामरावांचं उमरखेडला किराणा दुकान होतं आणि मन लोण्याचं. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी बबनरावांचा हात धरला. "इवाई, तुमी सांगाचं ना आमाले. आमी का परके हाव? लगन आमच्या दारात लावू. मंडप आमचा, जेवण आमचं. तुमी फक्त पोरीले घेऊन या."

बबनरावांचं तोंड उतरलं. लग्नाला दिग्रसचा बँड सांगून झाला होता. ते काही बोलणार, तोच तानाबाई दाराआडून बाहेर आली. तिला खोट्यावर पाहुण्याचे गहू ठेवणं झेपेना.

"भाऊ, तसं काही नाही. ते टीव्हीसाठी होतं. फुलसिंग गावाले गेलता, म्हून हे उभे राह्यले त्याच्या जागी."

रामरावांनी हात सोडला. "म्हंजे नाटक?"

बबनराव खाटेची दोरी चाचपू लागले.

"नाटक?" रामरावांचा आवाज चढला. "आमची म्हतारी टीव्हीपुढं रडली. मले त्या दिवशी घास गेला नाही. दुकान बंद करून मी गहू घेऊन आलो, अन् तुमी नाटक करू राह्यले? इवाई, खरं सांगा. खोटं होतं का ते?"

"सुरू केलं तवा खोटंच होतं," बबनराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

"अन् मंग?"

"मंग ते कवडीचं निंघून गेलं तोंडातून. ते खरं हाय."

तानाबाई वळून नवऱ्याकडे पाहू लागली. पाहुणे बसले आहेत हेही ती विसरली. "खरं हाय? अन् मले काहून नाही सांगितलं तुमी? वर्स झालं त्याले."

"कसा सांगू?" बबनराव म्हणाले. "तो कापूस तू वेचला होता."

आतून निकिता चहा घेऊन आली आणि कुणाला आधी द्यावा ते न कळून उभी राहिली. शेवटी रामरावांनी कप उचलला, उभ्यानंच प्याले आणि धोतर झटकलं.

"लगन ठरल्या तारखेले, ठरल्या जागी होईन. पोरगी चांगली हाय, तिचा काय गुन्हा? पण तुमच्याशी माहं बोलनं नाही. तुमच्या खोट्यातलं खरं निवडाले माह्यापाशी टाइम नाही, इवाई. मले दुकान पाहा लागते."

गहू त्यांनी परत नेले नाहीत. तानाबाईनं ते निवडले, पण दळायला काढले नाहीत.

इकडे पंचायतीचं नशीब फळफळलं. टीव्हीवर पाहून गाड्यांवर गाड्या येऊ लागल्या, आणि आता कुणालाच फुलसिंग नको होता. सगळे विचारत, "ते रडणारे काका कुठे आहेत?" बबनरावांनी आधी नाही म्हटलं. सदस्यांनी गळ घातली, की गावाचा प्रश्न आहे, दिव्यांचा प्रश्न आहे. बबनराव बांधावर बसले. पहिल्या खेपेला सांगताना डोळे पुसावे लागले. दुसऱ्या खेपेला जरा कमी. त्यानंतर एकदा दिल्लीकडच्या एका पथकासमोर ते कवडीचं सांगत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की 'कवडी' म्हणण्याच्या आधी आपण किंचित थांबतो आहोत. थांबल्यानं परिणाम चांगला होतो, हे त्यांच्या जिभेला कळलं होतं. ते तिथंच गप्प झाले. पथकानं वाट पाहिली. एका बाईनं रुमाल पुढे केला. बबनराव उठले, "मले काम हाय," म्हणाले आणि वावर ओलांडून घरी निघून गेले. पथकाचे पैसे परत करावे लागले.

त्यानंतर ते बांधावर बसले नाहीत. जिल्ह्याचं पत्र आलं, की आपल्या मॉडेलचं सादरीकरण यवतमाळला करावं, शाल-श्रीफळ आहे. बबनरावांनी सर्दीचं कारण कळवलं. त्यांच्या जागी शेजारच्या गावचा उपसरपंच गेला आणि नऊ खान्यांत दहावा घालून आला. त्याच्याकडे जेवणात पुरणपोळी होती आणि शुल्क कवठदरीहून कमी. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात जास्त दुष्काळ पडला आणि सगळ्या गाड्या तिकडे वळल्या.

निकिताचं लग्न ठरल्याप्रमाणे कवठदरीतच झालं. दिग्रसचा बँड वाजला. रामराव सगळ्यांशी बोलले, आचाऱ्याशी बोलले, बँडवाल्याशीही बोलले. बबनरावांशी मात्र लागलं तेवढं भावामार्फत. पाठवणीच्या वेळी निकिता गळ्यात पडून हमसाहमशी रडली. सगळी वरात बबनरावांच्या डोळ्यांकडे टक लावून पाहत होती. रामरावही पाहत होते. बबनरावांनी दातावर दात धरले आणि एक टिपूस काढलं नाही. "बापाचं काळीज दगडाचं हाय," असं वरातीतली एक म्हातारी म्हणाली. गाडी वळणाआड गेल्यावर ते बंद जिनिंगच्या शेडमागं गेले, बराच वेळ आले नाहीत. तानाबाई त्यांना शोधायला गेली नाही. तिनं बाकीच्यांनाही जाऊ दिलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर दिवे पुन्हा गेले. या वेळी पंचफुलाबाईंनी कुणाची बैठक घेतली नाही. सकाळी पावतीपुस्तक काखेत मारून त्या निघाल्या आणि पहिल्यांदा बबनरावांच्याच ओट्यावर येऊन बसल्या.

"नळपट्टी," त्या म्हणाल्या.

"बाई, उपसरपंचाकडूनच सुरुवात?"

"मंग कोनाकडून करू? तुमी भरली का बाकीच्यायले नाही म्हनता येत नाही."

बबनराव कुरकुरले. रबी हातात आली नाही म्हणाले, लग्नाचा खर्च झाला म्हणाले, नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं हेही ऐकवलं. पंचफुलाबाई ऐकत बसल्या. तानाबाई आतून डब्यातले पैसे घेऊन आली, त्यांच्या समोर ठेवले आणि म्हणाली, "पाणी तिसऱ्या दिवशी येते, ते लिहून घ्या. फुकट नाही देऊन राह्यलो आमी."

पंचफुलाबाईंनी पावती फाडली आणि उठल्या. "चला बबनभाऊ. पुढचं घर तुमच्या चुलतभावाचं हाय. तो माह्यावर कुत्रं सोडते."

बबनरावांनी सदरा चढवला, पेन खिशाला लावलं आणि हातात काठी घेऊन ते त्यांच्या मागोमाग निघाले. चुलतभावानं कुत्रं सोडलंच. पैसे काही त्या दिवशी दिले नाहीत.